हमेलियाचं वाण

लखनौत बावीस वर्षं राहूनही पाला, म्हणजे झाडं जाळणारं गोठलेलं दव, काय असतं ते मला ठाऊक नव्हतं, हे आधी कबूल करून टाकते. थंडी ठाऊक होती. धुकं, रजया, पायात दोन-दोन मोजे, जानेवारीत आठ-आठ दिवस तोंड न दाखवणारा सूर्य, हे सगळं अंगवळणी पडलं होतं. पण आम्ही कायम वरच्या मजल्यांवर राहिलो, त्यामुळे माझं बागकाम बाल्कनीतल्या तुळशीपुरतं. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत तळमजल्याचं क्वार्टर मिळालं ते अगदी अलीकडे, नवऱ्याच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना. जुन्या पद्धतीचं क्वार्टर. मध्ये हॉल, एका अंगाला दोन खोल्या, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर आणि बाथरूम. खोलीतून बाथरूमला जायचं तर हॉल ओलांडावा लागतो. मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर चार पावलांची मोकळी जमीन आणि लगेच कंपाउंडची शेवाळलेली भिंत.

त्या मागच्या खोलीत माझी मुलगी राहते. चोवीस वर्षांची आहे. बेंगळुरूला नोकरी करत होती. एका दिवाळीला दोन बॅगा घेऊन घरी आली आणि परत गेलीच नाही. आधी म्हणाली सुट्टी आहे, मग म्हणाली सुट्टी वाढवली आहे, मग काही म्हणेनाशी झाली. दिवसभर पडदा ओढून पडून राहायची. केस विंचरायचे नाहीत, आंघोळ चार-चार दिवस नाही. तिकडे नेमकं काय झालं ते मी शंभर वेळा विचारलं असेल. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "कुछ नहीं हुआ, आई." दोन वर्षांची होती तेव्हापासून इथेच वाढली, मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतून येतं. डॉक्टरबाईंनी डिप्रेशन म्हटलं, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की घाई करू नका, हळूहळू उजेडात बसवा, माणसांत आणा. नवरा म्हणाला, "होईल गं बरी, वेळ लागतो." त्याला दर पंधरा दिवसांनी टूर असते, त्याचा वेळ गाडीत जातो. माझा त्या बंद दाराबाहेर जात होता.

मार्चमध्ये मी आलमबागच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून हमेलियाचं रोप आणलं. झाडाची हौस म्हणून नव्हे. तिने कधी चुकून पडदा उघडलाच तर समोर ती घाणेरडी भिंत दिसू नये, एवढाच हेतू. नर्सरीवाल्याने जास्वंद दाखवली, कण्हेर दाखवली, आणि मग एक लालसर शिरांच्या पानांचं रोप पुढे करून म्हणाला, "मैडम, हमेलिया ले जाइए. गर्मी भर फूल, और हमिंगबर्ड भी आएगी." मी ते बघताक्षणी ओळखलं. सांगलीला आमच्या कॉलेजच्या कुंपणाला हीच झाडं होती. कोणी पाणी घातलं नाही तरी वाढायची, गाढवांनी खाल्ली तरी वाढायची. म्हटलं, हे आपलंच आहे.

हातभर खड्डा केला, शेणखत घातलं. मे महिन्यात लू, म्हणजे इथला भाजणारा वारा, सुटली तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं आणि बुडाशी वाळलेल्या गवताचा थर पसरला. जुलैत पाऊस लागला आणि झाडाने असा काही जोर धरला की खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचलं. मग फुलं आली. उदबत्तीच्या तुकड्याएवढ्या बारीक शेंदरी नळ्या, झुपक्याझुपक्याने.

एक दिवस चहा द्यायला गेले तर पडदा वीतभर बाजूला होता. मी आपलं बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं, "नर्सरीवाला सांगत होता, यावर हमिंगबर्ड येतात."

ती पडूनच म्हणाली, "हमिंगबर्ड इंडिया में होती ही नहीं, आई. अमेरिका में होती है. इस पे शकरखोरा आएगा, देखना."

नऊ महिन्यांतलं ते तिचं सगळ्यात लांब बोलणं. मी पेला ठेवला आणि बाहेर आले, कारण तिथेच उभी राहिले असते तर काहीतरी जास्तीचं बोलून सगळं बिघडवलं असतं. तशी सवयच आहे मला.

शकरखोरा म्हणजे आपला शिंजीर. ऑगस्टमध्ये आला. अंगठ्याएवढा जीव, बाकदार चोच, निळ्या-काळ्या रंगावर ऊन पडलं की जांभळी झाक मारायची. फांदीला लटकून एकेका नळीत चोच घालायचा आणि मध्येच खिडकीच्या गजावर येऊन बसायचा. पहिल्यांदा आला त्या दिवशी तिने स्वतःहून मला हाक मारली. पुढे रोज सकाळी साडेसातला यायचा, म्हणून ती सातला उठायला लागली. पडदा पूर्ण उघडा. खिडकीशी खुर्ची. चहा त्या खुर्चीत. सप्टेंबर सरता सरता त्या नराचा रंग उतरला, पोट पिवळट झालं आणि गळ्यापासून खाली एक काळी रेघ तेवढी उरली. मला वाटलं हा दुसराच कोणी आहे. ती म्हणाली, "वही है. देखो ना, टाई लगाके ऑफिस आया है." मी हसले, स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. माझी पोर विनोद करत होती हो!

ऑक्टोबरात एका सकाळी ती मागच्या दाराच्या पायरीवर अनवाणी उभी राहिली. दोन मिनिटं. मी टूरवर असलेल्या नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "उभी राहिली म्हणजे नेमकं काय केलं?"

"उभी राहिली," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता माझा पराक्रम सांगते.

इथे आम्हा मराठी बायकांचं एक मंडळ आहे. कोणाचा नवरा बँकेत, कोणाचा संशोधन संस्थेत, कोणी स्वतः कॉलेजात शिकवणाऱ्या. संक्रांतीचं हळदीकुंकू दर वर्षी एकीकडे असतं आणि त्या वर्षी पाळी माझी होती. मागच्या वर्षभरात मी मंडळात गेले नव्हते. ग्रुपवर "मुलगी काय म्हणते?" असं कोणी विचारलं की अंगठा किंवा फुलाचं चित्र पाठवून द्यायचे. पाळी नाकारली असती तर दहा फोन आले असते. आणि खरं सांगायचं तर मला नाकारायचीही नव्हती. घरात सगळं ठीक आहे, आम्ही ठीक आहोत, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं. एका बाईने ग्रुपवर लिहिलं की या वर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे नकोत, रोपं देऊ या. मी पटकन लिहिलं, "माझ्याकडे हमेलिया आहे, मी सगळ्यांना रोप देईन." लगेच टाळ्या पडल्या. फोन हातात घेऊन मी कितीतरी वेळ त्या टाळ्या बघत बसले.

सांगलीला दिवाळीनंतर छाटणी करतात. मी तेच केलं. कॉलनीचा माळी कैची बघून थांबला आणि म्हणाला, "मैडम, अभी मत काटिए. यहाँ होली के बाद काटते हैं. नई पत्ती को पाला मार देगा." मी त्याला म्हटलं, "भैया, हमारे उधर तो ऐसे ही होता है." आमच्याकडे असं असतं, हे वाक्य बावीस वर्षांत मी किती वेळा आणि किती तोऱ्यात बोलले असेन! त्याने खांदे उडवले आणि पाइप गुंडाळत निघून गेला.

पंचवीस फांद्या काढल्या. झाड गुडघ्याएवढं राहिलं, दोन-तीन फुललेल्या फांद्या तेवढ्या सोडल्या. मुलगी खिडकीत होती.

"इतना क्यों काट दिया?"

"वाढेल गं परत. छाटलं की जोमाने वाढतं."

"वो बैठेगा कहाँ?"

"राहिलेल्या फांद्यांवर बसेल. त्याला किती जागा लागते?"

तिने मनाला लावून घेतलं हे मला दिसत होतं, पण मी डोक्यात वाणाची मांडणी करत होते. चहाच्या टपरीवरून मातीचे कुल्हड आणले, बुडाला भोकं पाडली, माती आणि वाळू भरली, काड्या खोचल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने ठेवल्या. डिसेंबरात काड्यांना दोन-दोन कोवळी पानं फुटली. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

संक्रांत झाली आणि धुकं एकदम हटलं. आकाश निळंशार. मी खूश, की चला, उद्या-परवाच्या कार्यक्रमाला ऊन मिळणार. माळ्याने त्याच संध्याकाळी शेजारच्या क्वार्टरांतल्या झाडांवर जुन्या साड्या आणि पोती टाकली. मला सांगायला तो आला नाही, आणि का यावं त्याने? सकाळी उठून बघते तर गवतावर पांढरी भुकटी पसरलेली. हमेलियाची पानं दुपारपर्यंत काळी पडून उकडलेल्या भाजीसारखी लोंबायला लागली. उरलीसुरली फुलं कुस्करून गेली. शिंजीर सकाळी आला, गजावर बसला, दोनदा मान वळवली आणि गेला. परत आला नाही.

रविवारी दुपारी तीन ते सहा हळदीकुंकू. सकाळी मुलीला म्हटलं, "आज बायका येणार आहेत. तू आत आराम कर, जेवण आताच देऊन ठेवते." ती "हूँ" म्हणाली. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या, खुर्च्या लावल्या. वाणाचं टेबल कुठे लावायचं हा प्रश्न होता. एका भिंतीला सोफा, एकीला शोकेस. तिच्या खोलीच्या दारापुढची जागा तेवढी मोकळी होती. दार लावलेलंच असतं, म्हणून मी टेबल दाराला टेकवून लावलं, त्यावर माझी ठेवणीतली जरीची चादर घातली आणि वर कुल्हडांच्या रांगा मांडल्या. फारच देखणं दिसत होतं.

बायका आल्या. काळ्या साड्यांवर स्वेटर, स्वेटरवर दागिने. हळदीकुंकू, अत्तर, तिळगूळ, ओटी, हसणं-खिदळणं. आलमबागहून बँकेतल्या अधिकाऱ्याची बायको आली होती, तिने पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, "मुलगी कुठे गं? दिसली नाही बऱ्याच दिवसांत."

"बेंगळुरूला," मी म्हटलं. "तिला कुठे वेळ असतो? आता ऑफिसला जावंच लागतं ना रोज."

"लग्नाचं काय मग?"

"बघू. सध्या करिअर चालू दे म्हणते."

एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. तिचा फ्लॅट, तिची मैत्रीण, तिचं प्रमोशन, सगळं सांगितलं. निशातगंजच्या काकूंनी विचारलं तेव्हाही तेच. काकू म्हणजे आमच्या मंडळातल्या सगळ्यात मोठ्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांचे यजमान शास्त्रज्ञ होते, आता त्या एकट्याच असतात. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं, पण मी तिळगुळाचा डबा पुढे केला. जाताना प्रत्येकीच्या हातात एकेक कुल्हड दिला. सगळ्या म्हणाल्या, किती छान कल्पना.

दुसऱ्या दिवसापासून पडदा बंद. खुर्ची भिंतीला. ताटं तशीच परत यायला लागली. पोळीचा एक तुकडा मोडलेला, बाकी सगळं तसंच. बोलणं शून्य. मी म्हटलं, झाड गेलं आणि पक्षी गेला म्हणून हे झालं. मी छाटलं म्हणून झालं. तिने एवढ्या कष्टाने उघडलेलं एक दार मी टाळ्यांपायी माझ्या हाताने बंद केलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. गादी झटकताना तिच्या उशीखाली न घेतलेल्या आठ गोळ्या सापडल्या. त्या दिवसापासून गोळ्यांची पाकिटं माझ्या कपाटात, कुलूप लावून. कात्री, दाढीचं सामान, ओढणीसुद्धा नजरेआड केली. डॉक्टरबाईंना रोज फोन. हॉलमध्ये बसून आत ती कुशीवर वळल्याचा आवाज ऐकत राहायचं. आवाज आला नाही की दार लोटून बघायचं. तिची छाती वरखाली होताना दिसली की परत बाहेर यायचं. नवऱ्याने टूर रद्द केली, तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो, कारण बोललो असतो तर जी भीती होती ती तोंडातून बाहेर पडली असती.

मग मी त्या झाडामागे लागले. वेड्यासारखी. चार काठ्या रोवून जुन्या रजईची खोळ बांधली. वायर ओढून आत बल्ब लावला. बुडात कोमट पाणी घातलं. साखरेच्या पाण्याची बाटली खिडकीच्या गजाला लाल फीत लावून टांगली, तर तिच्यावर गांधीलमाश्या आल्या. आलमबागच्या नर्सरीत गेले, नर्सरीवाला म्हणाला, "अभी कहाँ मैडम, मार्च में आइए." आणखी दोन नर्सऱ्या पालथ्या घातल्या, तेच उत्तर. मार्चपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ नव्हता. मार्चपर्यंत काय होईल ते मला माहीत नव्हतं.

आणि तेव्हा ते कुल्हड आठवले. त्यातलं एखादं तरी जगलं असेल.

दिलेलं वाण परत मागायचं नसतं. आमच्याकडे कोणी मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही. मी मागत फिरले. आधी आलमबागला, त्या बँकेतल्या अधिकाऱ्याच्या बायकोकडे. तिला म्हटलं, माझं झाड गेलं गं, तुझ्याकडचं रोप दे, पुढे तुला नवं देईन. ती चकित झाली. "अगं, ते तर केव्हाच वाळलं. मी कुल्हडसकट टाकलं. तेवढ्यासाठी मुद्दाम आलीस?" मी काहीतरी हसून सटकले. पुढच्या घरी पानं टवटवीत दिसली, जिवात जीव आला. हाताने हलवलं तर काडी अलगद वर आली. खाली मूळ नव्हतंच. काडी आपल्या अंगातल्या ओलाव्यावर पानं फोडते, आणि मी त्या पानांचे फोटो टाकले होते. तिसऱ्या घरी तेच, चौथ्या घरी तेच. मानक नगरमधल्या सहा घरांपैकी चार घरी काळ्या काड्या, दोन घरी रिकामे कुल्हड. प्रत्येक दारात एकच थाप मारायची आणि हसायचं. जबडा दुखायला लागला.

निशातगंजला काकूंकडे मी सगळ्यात शेवटी गेले. त्या नजरेमुळेच टाळत होते. काकूंनी दार उघडलं, आत बसवलं. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिजच्या मागच्या गरम हवेच्या कोपऱ्यातून कुल्हड घेऊन आल्या. सहा पानं. बुडाच्या भोकातून पांढरं मूळ बाहेर आलं होतं. मी हात पुढे केला, त्यांनी कुल्हड मांडीवर ठेवला.

"वाण परत न्यायला आलीस?"

"हो, काकू."

"का?"

मी झाड गेलं म्हणून सांगायला लागले. मग सगळंच बाहेर पडलं. मुलगी बेंगळुरूला नाही, सव्वा वर्ष घरात आहे. अंधारात पडून असते. त्या झाडावर पक्षी यायचा तेवढ्यासाठी उठायची. मी ते छाटलं. आता ती जेवत नाही. मला भीती वाटते, काकू, मला फार भीती वाटते.

माझं संपल्यावर काकूंनी विचारलं, "हळदीकुंकवाच्या दिवशी ती कुठे होती?"

"घरातच. मागच्या खोलीत."

"कुठली गं? जिच्या दाराला तू टेबल लावलं होतंस, ती?"

मी हो म्हटलं. म्हटल्यावर ते मला ऐकू आलं. काकूंनी कुल्हड माझ्या हातात दिला, वर पाण्याचा पेला दिला. मेट्रोत मी कुल्हड ओटीत धरून बसले होते आणि त्या तीन तासांत हॉलमध्ये मी जे जे बोलले ते सगळं एकेक करून आठवत होते. फ्लॅट. मैत्रीण. प्रमोशन. दोन बोटं जाडीचं दार.

घरी येऊन कुल्हड ओट्यावर ठेवला आणि तिच्या खोलीत गेले. दिवा लावला नाही. पलंगाच्या कडेला जमिनीवर बसले. मुलांची माफी मागायची रीत आमच्या घरात नव्हती. माझ्या आईने माझी मागितली नाही, मी हिची कधी मागितली नव्हती, त्यामुळे सुरुवात कशी करतात तेही येत नव्हतं. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी मी तुझ्या दाराला टेबल लावलं."

मग भिंतीकडे तोंड करूनच ती बोलली.

"मुझे बाथरूम जाना था, आई."

मी आणखी जवळ सरकले.

"तीन घंटे. पहले सोचा, दरवाज़ा खटखटाऊँ. फिर आपने बोला कि मैं बेंगळुरू में हूँ. तो फिर कैसे खटखटाती?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो काढला नाही, पण वळलीही नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं. झाडासाठी नाही म्हणत. तुझ्यासाठी म्हणते. मला लाज वाटत होती." हेही बोलून टाकलं, कारण ते खरं होतं. तिने विचारलं, "मेरी?" मी हो म्हणाले. त्या क्षणी खोटं बोलले असते तर ती कायमची गेली असती, एवढं मला कळत होतं.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी पोळी खाल्ली. काकूंचं रोप मी तिच्या खिडकीत ठेवलं नाही, स्वयंपाकघरातच राहू दिलं. आता त्याचं नाव काढायचीसुद्धा मला हिंमत नव्हती. गोळ्या ती माझ्यासमोर घ्यायला लागली, हाताचा तळवा पुढे करून, माझ्याकडे न बघता. याहून जास्त काही झालं नाही. महिना तसाच गेला.

होळीच्या आठवडाभर आधी, सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात आलमबागची ती बँकेतल्या अधिकाऱ्याची बायको. या भागात आली होती, म्हणून चैत्रातल्या कार्यक्रमाचं बोलावणं करायला डोकावली. मी तिला सोफ्यावर बसवलं. ती बसताक्षणी आत पलंग करकरला आणि मग सगळं थांबलं. मागच्या खोलीत इतकी शांतता झाली की आत कोणी श्वास दाबून धरला आहे हे मला भिंतीतून कळलं. मुलगी सकाळपासून उठली नव्हती. आता उठायच्या बेतात होती, आणि बाई आली म्हणून जिथे होती तिथेच थिजली होती.

"काय म्हणते मुलगी? बेंगळुरूला गरम सुरू झालं असेल ना आता?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. जीभ उचललीसुद्धा गेली.

"ती बेंगळुरूला नाही," मी म्हटलं. आवाज चढवून म्हटलं, दारापलीकडे ऐकू जाईल असा. "इथेच आहे. दीड वर्ष होत आलं. तिला बरं नाही. हळदीकुंकवाच्या दिवशीही ती घरातच होती, या खोलीत. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले."

ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या हातातली पर्स खाली घसरली, ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. 

दार उघडलं. माझी मुलगी बाहेर आली. बापाचा जुना स्वेटर, तेलाने चिकटलेले केस, पायात एकच मोजा. हॉलच्या मध्यापर्यंत आली, थांबली, "नमस्ते आंटी," म्हणाली आणि आमच्या दोघींच्या मधून चालत पलीकडे गेली. बाथरूमचं दार लागलं. मग आतून नळाचा आवाज आला, बादलीत पाणी पडायला लागलं. तिने नळ पूर्ण सोडला होता.